मानशीचं दार खरंच बंद झालं का? नियम आणि संभाव्यता एकत्र कसे बांधायचे

प्रश्न असा आला आहे: "सर, आम्ही चौघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. खाजनातल्या मानशीचं दार मोटरने वर-खाली करणारी यंत्रणा प्रोजेक्टला घेतली आहे. भरती-ओहोटीप्रमाणे प्रोग्रामने दार उघडायचं, बंद करायचं. आम्ही तर्काचे नियम लिहिले. पण दारावरचा लिमिट स्विच कधी कधी चुकीचं सांगतो आणि मोटर दर वेळी दार पूर्ण खाली नेत नाही. गाईड म्हणतात, नियम जुने झाले, सगळं संभाव्यतेत मांडा. आमचे नियम टाकून द्यायचे का?"

टाकू नका. तुमचे नियम बरोबर असतील, फक्त संभाव्यता चुकीच्या जागी बसली असेल. पंप, झडपा, पाण्याची दारं यांची नियंत्रणं लिहिण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत आणि याच एका चुकीने मला सगळ्यात महागात पाडलं आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खाजन माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या काठची सखल जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते, ती खाजन. गोव्यात अशी सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन आहे असं सांगतात. बांधात जिथून पाणी आत-बाहेर करायचं तिथे दार असतं, ती मानस. भरती साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी येते. भरतीला दार बंद हवं, ओहोटीला उघडं. चुकलं तर खारं पाणी भातात शिरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला शिरलं तर त्या शेतात पुढे काय पिकेल याची चिंता लागते.

आता मूळ मुद्दा. यंत्राला कृती करायची असेल तर त्याला दोन वेगवेगळे प्रश्न सोडवावे लागतात. एक: ही कृती केली तर जगात काय बदलेल आणि काय जसंच्या तसं राहील? दोन: आत्ता जग नेमकं कसं आहे? पहिला प्रश्न तर्काचा, दुसरा संभाव्यतेचा. तुमचे गाईड दुसऱ्याबद्दल बोलत आहेत आणि त्यात त्यांचं म्हणणं खरं आहे. पण पहिला प्रश्न संभाव्यतेने आपोआप सुटत नाही.

पहिला प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी १९६९ साली तो नीट मांडला आणि त्याला 'फ्रेम प्रॉब्लेम' हे नाव मिळालं. दार खाली केलं तर दाराची स्थिती बदलते. पण बांधाची उंची बदलत नाही, चंद्राची तिथी बदलत नाही, स्विचवरचा चिखल जात नाही. माणसाला हे सांगावं लागत नाही. तर्काला मात्र सांगावंच लागतं, नाहीतर दार खाली केल्यावर बांध जागेवर आहे की नाही हेही त्याला सिद्ध करता येत नाही. वीस गोष्टी आणि दहा कृती असतील तर 'ही कृती त्या गोष्टीला हात लावत नाही' अशी जवळजवळ दोनशे वाक्यं लिहावी लागतील.

याचा सुटसुटीत तोडगा टोरांटोच्या रेमंड राइटर यांनी १९९१ मध्ये दिला. कृतींची यादी करत बसू नका, एकेक गोष्ट घ्या आणि तिच्यासाठी एकच वाक्य लिहा. दारासाठी ते असं होईल: दार आता बंद आहे, जर नुकतीच बंद करण्याची कृती यशस्वी झाली, किंवा दार आधीच बंद होतं आणि नुकतीच उघडण्याची कृती यशस्वी झालेली नाही. बस. या 'किंवा'च्या पुढच्या भागात सगळं आलं. उरलेल्या साऱ्या कृती दाराला हात लावत नाहीत हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. वीस गोष्टींना वीस वाक्यं. परिस्थितीनुसार बदलणाऱ्या अशा गोष्टीला या क्षेत्रात 'फ्लुएंट' म्हणतात. पुढे तोच शब्द वापरतो.

तुम्ही लिहिलेले नियम या साच्यात बसतात का ते आधी बघा. 'भरती आली तर दार बंद कर' हा नियम या साच्यातला नाही. तो काय करायचं ते सांगतो, केल्यावर काय होतं ते सांगत नाही. विद्यार्थी हे दोन्ही एकाच फाइलमध्ये कालवतात आणि मग चूक सापडत नाही. वेगळं ठेवा.

आता संभाव्यता. फाहिएम बाखुस, जोसेफ हॅल्पर्न आणि हेक्टर लेवेक यांनी १९९० च्या दशकात राइटरच्या याच मांडणीवर ती चढवली. कल्पना सरळ आहे. यंत्राच्या मनात एकच जग ठेवू नका, शक्य असलेली सगळी जगं ठेवा आणि प्रत्येकाला वजन द्या. कृती झाली की प्रत्येक जग वर लिहिलेल्या वाक्यांनी पुढे सरकतं. सेन्सरने काही सांगितलं की ज्या जगात ते सांगणं जितकं कमी संभवतं तितकं त्याचं वजन कमी करा (मुळीच संभवत नसेल तर शून्य), शेवटी सगळी वजनं मिळून एक होतील अशी करा. बेझचा नियम तो हाच. नियमांना धक्का लागलेला नाही. ते प्रत्येक जगाच्या आत पहिल्यासारखेच चालतात.

हे तुमच्या मानशीवर करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतो, तुमचे तुम्ही मोजून घाला.

बंद करण्याची आज्ञा दिली की शंभरपैकी ८० वेळा दार पूर्ण बसतं. लिमिट स्विच म्हणजे दार खाली टेकलं की दाबला जाणारा छोटा दांडा. तो स्वच्छ असेल तर खरं सांगतो. पण खाजनातला चिखल त्यात बसला की तो दाबलेलाच राहतो आणि दार वर असो की खाली, 'बंद' म्हणत राहतो. असा चिकटलेला असण्याची शक्यता २० टक्के धरू.

आज्ञा दिली. स्विच म्हणाला, 'बंद'. दार खरंच बंद असलेल्या जगांचं वजन ०.८०. दार उघडं पण स्विच चिकटलेला, याचं वजन ०.२० गुणिले ०.२०, म्हणजे ०.०४. दार उघडं आणि स्विच स्वच्छ, हे जग बाद झालं, कारण त्यात स्विचने 'बंद' म्हटलंच नसतं. उरलेली बेरीज ०.८४. दार उघडं असण्याची शक्यता ०.०४ भागिले ०.८४, म्हणजे ४.८ टक्के.

इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. आता प्रोग्राम दहा सेकंदांनी स्विच पुन्हा वाचतो. पुन्हा 'बंद'. आता किती?

बहुतेक जण, मीही पूर्वी, असं लिहितात: 'दार उघडं असताना स्विच चुकून बंद म्हणण्याची शक्यता २० टक्के', आणि दर वाचनाला तो आकडा गुणत जातात. दुसऱ्या वाचनानंतर उघडं असण्याची शक्यता १ टक्क्यावर येते, तिसऱ्यानंतर ०.२ टक्के. एका मिनिटात प्रोग्रामची खात्री पटते की दार बंदच आहे.

खरं उत्तर मात्र ४.८ टक्केच. दुसऱ्या वाचनानंतरही, शंभराव्या वाचनानंतरही. ज्या जगात स्विच चिकटलेला आहे त्यात तो दहा सेकंदांनीही चिकटलेलाच असणार. चिखल आपोआप निघून जात नाही. म्हणजे 'स्विच चिकटलेला आहे' हा स्वतः एक फ्लुएंट आहे आणि त्यालाही राइटरचं वाक्य लागतं: स्विच आता चिकटलेला आहे, जर आधी चिकटलेला होता आणि नुकताच कुणी धुतलेला नाही. (नव्याने चिखल बसणं हवं तर जोडा.) हे एक वाक्य तर्काने लिहिलंत की दुसरं वाचन नवी माहिती आणत नाही हे गणितातून आपोआप निघतं. लिहिलं नाहीत तर यंत्र तीच साक्ष शंभर वेळा ऐकतं आणि शंभर साक्षीदार मिळाले असं मानतं.

मला हे शिकवलं ते एका पाण्याच्या टाकीने. टाकी भरली की वर येणारा तरंगता स्विच शेवाळाने वरच अडकला होता. माझा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी वाचत होता आणि दर वाचनाने टाकी भरल्याची त्याची खात्री वाढत होती, म्हणून पंप रात्रभर सुरू झालाच नाही. सकाळी एका वाड्याच्या नळाला पाणी नव्हतं. प्रोग्रामच्या नोंदीत 'टाकी भरलेली असण्याची शक्यता' नऊच्या पुढे नऊ, नऊच्या पुढे नऊ अशी छापलेली होती. ती ओळ वाचताना मला लाज वाटली होती, कारण गणितात एकही चूक नव्हती. चूक होती ती मी जगात काय टिकून राहतं हे न सांगण्यात.

हा फरक निर्णयापर्यंत पोहोचतो. समजा खारं पाणी शिरलं तर नुकसान १०० एकक आणि रात्री माणूस पाठवून दार बघायचं तर खर्च ३ एकक. ४.८ टक्क्यांना अपेक्षित नुकसान ४.८, म्हणून माणूस पाठवायला हवा. चुकीच्या हिशेबाने दुसऱ्या वाचनानंतर ते १ होतं आणि प्रोग्राम म्हणतो, झोपू दे त्याला. दोन्ही प्रोग्रामना बेझ येतो, दोन्हींचे आकडे तेच. निर्णय मात्र उलटे.

मग खात्री वाढवायची कशी? वेगळ्या कारणाने चुकणारा दुसरा सेन्सर लावा. बांधाच्या आत पाण्याची पातळी मोजा. भरती चढत असताना दार बंद असेल तर आतली पातळी ९० टक्के वेळा वाढणार नाही, उघडं असेल तर न वाढण्याची शक्यता १० टक्के, असं धरा. 'पातळी वाढली नाही' हे एकच वाचन आलं की उघडं असण्याची शक्यता ४.८ वरून ०.५५ टक्क्यांवर येते. त्याच स्विचच्या शंभर वाचनांनी जे झालं नाही ते दुसऱ्या ठिकाणच्या एका वाचनाने झालं. प्रोजेक्टमध्ये पैसे कमी असतील तर महागडा स्विच घेऊ नका, स्वस्तातली पातळीपट्टी घ्या.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो: मोटर दार पूर्ण खाली नेत नाही. इथेही तोच प्रश्न विचारायचा. संभाव्यता कुठे ठेवायची, कृतीत की जगात?

'बंद करण्याची कृती २० टक्के वेळा फसते' असं लिहिलंत तर यंत्र शिकेल की पुन्हा आज्ञा द्यावी. दुसऱ्यांदा फसण्याची शक्यता २० टक्केच, तिसऱ्यांदाही २०. तो आज्ञा देत राहील आणि मोटर जळेपर्यंत त्याला आशा वाटत राहील. पण फसतं का? मानशीवर उभं राहून बघा. नारळाची झावळी, ओंडका, प्लास्टिकची गोणी दाराखाली येते. ती दुसऱ्या आज्ञेलाही तिथेच असते. कधी कधी विजेचा दाब क्षणभर पडतो, ते मात्र दुसऱ्या वेळी सुधारलेलं असतं.

समजा त्या २० पैकी १५ वेळा ओंडका आणि ५ वेळा वीज. 'दाराखाली अडथळा आहे' हा फ्लुएंट करा, त्याचं सुरुवातीचं वजन ०.१५. अडथळा नसलेल्या ०.८५ मध्ये क्षणिक अपयश सुमारे ६ टक्के. पहिली आज्ञा फसली (आणि स्विच स्वच्छ आहे हे माहीत आहे) की अडथळा असण्याची शक्यता ७५ टक्के होते. एकदा पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे, पाव शक्यता विजेची आहे. तोही फसला की अडथळ्याची शक्यता ९८ टक्के. तिसरी आज्ञा देणं म्हणजे मोटरवर अन्याय. माणूस बोलवा.

'एकदा पुन्हा प्रयत्न कर, मग थांब' हा नियम मी हाताने लिहिलेला नाही, हे लक्षात घ्या. काय टिकतं आणि काय टिकत नाही एवढं सांगितलं, वागणूक त्यातून निघाली. जुन्या मानशीवरचा माणूस नेमकं हेच करतो. दार बसलं नाही की एकदा हलवून बघतो, मग सरळ पाण्यात हात घालतो.

या मागच्या विचाराला चांगली परंपरा आहे. राइटरच्या पद्धतीत प्रत्येक कृतीचा परिणाम ठरलेलाच असतो. 'बंद कर' म्हटलं की निसर्ग 'बसलं' आणि 'अडलं' यांतली एक निवडतो आणि नाणेफेक तेवढ्यापुरतीच. जपानच्या ताइसुके सातो यांनी १९९५ मध्ये आणि डेव्हिड पूल यांनी १९९७ मध्ये हे आणखी स्वच्छ केलं: सगळी अनिश्चितता तळाशी, एकमेकांशी संबंध नसलेल्या साध्या विधानांत ठेवा ('ओंडका आहे, ०.१५'), आणि त्यावरचे नियम पूर्णपणे निश्चित ठेवा. नियमात आकडा लिहावासा वाटला की थांबा आणि विचारा, हा आकडा कशामुळे? ते 'कशामुळे' तळाशी नवं विधान म्हणून घाला. तुमच्या गाईडना हे दाखवा, त्यांना आवडेल. त्यांना हवी ती संभाव्यता आहे आणि तुमचे नियमही जागेवर आहेत.

अवजार म्हणून प्रॉब्लॉग घ्या. २००७ साली लूक दे रेड्ट यांच्या गटाने मांडलेली ही भाषा प्रोलॉग या तर्काचे नियम लिहिण्याच्या भाषेवर उभी आहे आणि मोफत मिळते. वर लिहिलेलं सगळं तिच्यात पंधरा-वीस ओळींत बसतं. काळ आकड्याने धरा: दार, चिखल, अडथळा यांना प्रत्येकी एक क्षण जोडा आणि 'पुढचा क्षण' आधीच्या क्षणावरून ठरवा. आधी माझे आकडे घालून ४.८ येतं का बघा. नंतर तुमचे.

एक अडचण लगेच येईल. होय-नाहीच्या वीस गोष्टी असतील तर जगं दहा लाखांच्या वर जातात आणि त्यांची वजनं अचूक मोजणं हे संगणकशास्त्रातलं मान्य कठीण काम आहे. तुमच्या मानशीला पाच-सहा फ्लुएंट पुरतात, त्यामुळे घाबरू नका. पातळी, क्षारता अशा सलग बदलणाऱ्या राशी आल्या की नमुने काढून काम भागवा: हजारभर काल्पनिक जगं घ्या, प्रत्येकाला नियमांनी पुढे सरकवा, सेन्सरप्रमाणे वजन द्या, हलकी गाळा.

पुढची पायरी म्हणजे कृतींची सर्वांत चांगली योजना यंत्रानेच शोधणं. त्याला पीओएमडीपी म्हणतात आणि गाईडच्या मनात बहुधा तेच आहे. मी ते या प्रोजेक्टमध्ये करणार नाही. मर्यादित टप्प्यांसाठीही त्याचं अचूक उत्तर फार जड आहे आणि अमर्याद काळासाठी तर सर्वसाधारणपणे ते ठरवताच येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. त्यापेक्षा क्रेग बुटिलिए, राइटर आणि सहकाऱ्यांनी २००० साली डीटी-गोलॉग या प्रोग्रामिंगच्या भाषेत जे केलं ते बघा. प्रोग्रामचा सांगाडा माणूस लिहितो आणि जिथे खरोखर निवड आहे तेवढीच जागा यंत्राला मोकळी ठेवतो. तुमच्याकडे निवडी चारच आहेत: पुन्हा प्रयत्न, थांबून पातळी बघणं, माणूस पाठवणं, काही न करणं. दोन-तीन पावलं पुढे मोजा, अपेक्षित नुकसान सर्वांत कमी असेल ते करा. यात 'पातळी बघणं' ही जगात काही न बदलणारी, फक्त यंत्राची माहिती बदलणारी कृती आहे. तिलाही किंमत द्या, ती म्हणजे वेळ, कारण भरती थांबत नाही.

जुन्या लाकडी मानशीबद्दल एक सांगायचं राहिलं. तिची बिजागरीची दारं भरतीच्या दाबानेच मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. मोटर नाही, स्विच नाही. तुमचं यंत्र तिच्या जागी बसवू नका, तिच्या मागे बसवा. म्हणजे तुमचा ४.८ टक्के चुकला तरी पहिलं दार पाण्याने मिटलेलं असेल. हे मी अभियंता म्हणून सांगतो. शेतात कष्ट ज्यांचे आहेत त्यांच्या पिकावर प्रयोग करताना दुसरी फळी हवीच.

आकडे कुठून आणायचे, हे तुम्ही विचारलं नाही, पण अडणार तिथेच. वहीत लिहा. पुढच्या उधाणाच्या आठ दिवसांत दर ओहोटीला चौघांपैकी एकाने मानशीवर जायचं. दार बसलं का, स्विच काय म्हणाला, दाराखाली काय सापडलं, स्विच धुतल्यावर काय म्हणाला, हे चार रकाने. आठ दिवसांत पंधरा-सोळा नोंदी होतील. त्या फार थोड्या आहेत, म्हणून तिथे वर्षानुवर्षं मानस सांभाळणाऱ्या माणसाला विचारा की कुठल्या महिन्यात काय अडकतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला नदी झावळ्या घेऊन येते, तेव्हाचं ०.१५ आणि मार्चमधलं ०.१५ एक नसणार. तो जे सांगेल ते तुमच्या तळाच्या विधानांत जाईल. पहिली फेरी करून वही पाठवा, मी रकाने बघतो.